लग्नाच्या सीडीत पाठवणीच का अडकते? घरचे व्हिडिओ ठेवायला कोरी डिस्क कशी निवडायची

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ट्रेनमध्ये बसल्यावर इअरफोन घरीच राहिल्याचं ज्यांच्या लक्षात आलंय, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा लिहून देते आहे. बोललेलं बरंचसं तसंच ठेवलंय, मधले "अं", "म्हणजे" तेवढे काढलेत.

डिस्क? आत्ता?

हो, आत्ता. विषय ऐकून काही जण हसतील. पण घरातल्या व्हिडिओंबद्दल बोललं की तुमच्याकडून फिरून फिरून एकच प्रश्न येतो. आईबाबांच्या लग्नाची कॅसेट डिजिटल करून आणली, ती आता ठेवायची कुठे? आजी ओव्या म्हणतानाचे व्हिडिओ फोनमध्ये आहेत, फोन भरलाय, क्लाउड दर महिन्याला पैसे मागतो, हार्ड डिस्क एकदा टेबलावरून पडली की संपलं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "डीव्हीडी मारून ठेव ना!" तुम्ही दुकानात जाता. काउंटरवर चार कंपन्यांच्या डिस्क असतात, चारही सारख्याच चकचकीत दिसतात. दुकानदार म्हणतो, "सगळ्या सेमच आहेत, घ्या कुठलीही."

त्या सगळ्या सेम नसतात. आजचा भाग त्यावरच आहे.

आधी हे सांगते की डिस्कचा विचार अजूनही का करावा. तिचा एक गुण दुसऱ्या साधनांत सहज मिळत नाही. एकदा लिहिलं की ते बदलता येत नाही. फोनवर चुकून सगळं डिलीट केलं, लॅपटॉपमध्ये खंडणी मागणारा व्हायरस शिरला, क्लाउडचं भाडं भरायचं राहिलं, तरी कपाटातल्या डिस्कवर काही फरक पडत नाही. तिला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही.

आता दुसरी बाजू. तीच डिस्क कपाटात पडल्या पडल्या, कुणी हात न लावता, हळूहळू खराब होऊ शकते. किती हळू, हे तीन गोष्टींवर ठरतं: ती कशाची बनली, तुम्ही ती कशी लिहिली आणि कुठे ठेवली. पहिली गोष्ट दुकानात ठरते, उरलेल्या दोन तुमच्या हातात असतात.

डिस्कच्या पोटात काय असतं

बाजारातून आणलेली सिनेमाची डीव्हीडी आणि घरी लिहिलेली डीव्हीडी दिसायला सारख्या असल्या तरी आतून वेगळ्या असतात. सिनेमाच्या डिस्कवर माहिती साच्याने दाबून उठवलेली असते, प्लास्टिकमध्येच बारीक खळगे असतात. घरी लिहायच्या डिस्कमध्ये त्या जागी रंगाचा एक पातळ थर असतो. रायटरचा लेझर ठिकठिकाणी हा रंग तापवतो आणि तिथे खूण पडते. वाचताना लेझर या खुणांवरून फिरतो, मागच्या चकचकीत थरावरून परत येतो आणि प्लेअरला कळतं की इथे खूण आहे की नाही.

म्हणजे तुमचा व्हिडिओ खरं तर रंगात लिहिलेला असतो. रंग म्हटलं की ऊन आलंच. रंगीत साडी रोज उन्हात वाळत घातली तर विटते, तसाच हा रंगही ऊन आणि उष्णतेने बिघडतो. म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेली डिस्क ही संपत आलेली डिस्क समजा.

मागचा चकचकीत थर बहुतेक डिस्कमध्ये चांदीचा किंवा चांदीच्या मिश्रधातूचा असतो. देवघरातली चांदीची निरांजनं दमट हवेत काळी पडतात ना? इथेही हवा आणि ओल आत शिरली तर थर खराब होतो. म्हणूनच काही कंपन्यांनी खास जतनासाठी सोन्याचा थर असलेल्या डिस्क काढल्या. सोनं काळं पडत नाही, त्यामुळे त्या जास्त टिकाऊ मानल्या जातात. त्या महाग असतात आणि सहज मिळतही नाहीत.

सीडी आणि डीव्हीडीतला एक फरकही लक्षात ठेवा. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, माहिती त्यांच्या मधोमध सुरक्षित असते. सीडीत मात्र माहिती वरच्या, नाव छापलेल्या बाजूला अगदी लागून असते, वर फक्त लाखेसारखं पातळ आवरण. आपण सगळे सीडीची खालची चकचकीत बाजू जपतो, पण वरच्या बाजूवर टोकदार पेनने लिहिलं तर नुकसान जास्त होतं. खालचा ओरखडा कधीकधी घासून काढता येतो. वरून गेलेला थर परत येत नाही.

शेवटचाच भाग का जातो

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. २००० नंतरच्या दशकातली लग्नाची डिस्क लावली की साखरपुडा नीट दिसतो, हळद दिसते, मंगलाष्टकं होतात, जेवणावळी होतात आणि पाठवणीच्या वेळी चित्र चौकोन चौकोन होऊन थांबतं. असं का?

डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. सुरुवात मधल्या भोकाजवळ, शेवट कडेला. आणि डिस्कचा सगळ्यात कमजोर भाग म्हणजे कड. बोटं तिथेच लागतात. दोन चकत्यांमधला डिंक सुटायला लागला तर तो तिथूनच सुटतो, ओल तिथूनच आत शिरते. डिस्क किंचित वाकडी असेल तर फिरताना सगळ्यात जास्त कडच हलते. आणि शूटिंगवाल्याने डिस्क काठोकाठ भरलेली असली, तर लग्नात शेवटी जे झालं ते बरोबर तिथे येऊन बसतं. आईची पाठवणी, आजीचे भरलेले डोळे, सगळं त्या शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये.

दुसरा प्रश्न असा, की डिस्क काल चालत होती आणि आज अचानक कशी बंद पडली? खरं तर ती अचानक बंद पडत नाही. प्रत्येक डिस्कवर, अगदी नव्या कोऱ्या डिस्कवरही, वाचताना चुका होतात. त्या भरून काढण्यासाठी मूळ माहितीबरोबर जादा माहिती लिहिलेली असते. तुम्ही बोगद्यातून जाताना आई फोनवर म्हणते, "येताना कोथ... जुडी आण." तुम्हाला कळतं की कोथिंबीर. एक-दोन शब्द तुटले तरी आपण भरून काढतो. पण वाक्यातले निम्मे शब्द गेले तर काहीच कळत नाही. डिस्कचं तसंच होतं. चुका दर वर्षी वाढत असतात, प्लेअर त्या मुकाट भरून काढत असतो, आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. एका मर्यादेनंतर त्याला ते जमत नाही आणि चित्र थांबतं.

यातून दोन नियम निघतात. एक, डिस्क काठोकाठ भरू नका. दोन, "चालते आहे ना" ही तपासणी पुरेशी नाही. दोन्हींकडे पुढे येते.

डब्यावरचं नाव आणि कारखान्याचं नाव

हे बहुतेकांना माहीत नसतं. डिस्कवर ज्या कंपनीचं नाव छापलेलं असतं, तिनेच ती बनवलेली असते असं नाही. कोऱ्या डिस्कच्या धंद्यात मोजके मोठे कारखाने होते आणि ते अनेक ब्रँडना माल पुरवायचे. एकाच ब्रँडचे, एकसारखे दिसणारे दोन डबे दोन वेगळ्या कारखान्यांतून आलेले असू शकतात.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. मोझर बेअर हे नाव तुम्ही लहानपणी घरातल्या डिस्कवर नक्की वाचलं असेल. ही भारतीय कंपनी, सुरुवात १९८३ ची. आधी फ्लॉपी, मग सीडी-आर, मग डीव्हीडी बनवत ती जगातल्या सगळ्यात मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी एक झाली. परदेशातल्या कितीतरी ब्रँडच्या डिस्क तिच्या नोएडाजवळच्या कारखान्यांत बनायच्या. नंतर तिने सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून बाजार हलवून सोडला. पण डिस्कचा जमाना ओसरला, कर्ज वाढलं आणि २०१८ मध्ये कंपनी विसर्जित करण्याचा आदेश निघाला.

जपानची तैयो युदेन ही तर सीडी-आर विकसित करणारी कंपनी. डिस्कच्या शौकिनांमध्ये तिच्या मालाला फार मान होता. तिने २०१५ च्या अखेरीला हा धंदा सोडला. व्हर्बॅटिम हा ब्रँड मित्सुबिशी केमिकलच्या हातात होता, अझो नावाच्या टिकाऊ रंगासाठी ओळखला जायचा. २०१९ मध्ये तो तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्स या मोठ्या उत्पादकाने विकत घेतला.

हा इतिहास सांगायचं कारण असं, की "अमुक ब्रँड घे, डोळे झाकून घे" हा काका-मामांचा सल्ला कधीकाळी बरोबर असेलही, पण त्या नावामागचा कारखाना आता तोच असेल याची खात्री नाही.

मग ओळखायचं कसं? डिस्कलाच विचारायचं. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर उत्पादकाचा एक कोड कारखान्यातच लिहिलेला असतो. रायटर तो वाचून ठरवतो की या डिस्कला लेझर किती जोराने मारायचा. आपणही तो वाचू शकतो. विंडोजवर इमजीबर्न नावाचा मोफत प्रोग्राम आहे. कोरी डिस्क घालून तो उघडला की उजव्या बाजूच्या माहितीत हा कोड दिसतो. इन्स्टॉल करताना सोबत येणाऱ्या जाहिरातबाज प्रोग्रामांवरच्या टिकमार्क मात्र काढून टाका. कोड एमसीसी या अक्षरांनी सुरू होत असेल तर तो मित्सुबिशी केमिकलच्या पद्धतीचा, टीवायजी असेल तर तैयो युदेनचा, सीएमसी मॅग असेल तर सीएमसीचा. रायटेक या दुसऱ्या तैवानी उत्पादकाच्या कोडमध्ये अनेकदा त्याचं नावच असतं.

कोड म्हणजे हमीपत्र मात्र नाही. नकली डिस्कवर नामांकित कोड चढवल्याचेही प्रकार झालेत. कोडमुळे एवढंच कळतं की मागच्या वेळी जो डबा चांगला निघाला, त्यातलाच माल यावेळी आहे की नुसतं वेष्टन सारखं आहे. तेवढं कळलं तरी खूप झालं.

कुठल्या प्रकारची घ्यायची

दुकानात गेल्यावर अक्षरांचा गोंधळ उडतो, म्हणून थोडक्यात सांगते.

शेवटी आर असलेली डिस्क एकदाच लिहिता येते, आरडब्ल्यू असलेली पुसून पुन्हा लिहिता येते. जपून ठेवायच्या व्हिडिओंसाठी आरडब्ल्यू नको. तिच्यात रंगाऐवजी वेगळा धातूमिश्रित थर असतो, टिकाऊपणात ती मागे पडते आणि ती चुकून पुसलीही जाऊ शकते. मग डिस्कचा मुख्य फायदाच गेला.

डीव्हीडी मायनस आर आणि डीव्हीडी प्लस आर यांत काय? आजचे रायटर दोन्ही लिहितात. घरातला जुना टीव्हीजवळचा प्लेअर असेल तर मायनस आर चालण्याची शक्यता जास्त. फक्त कॉम्प्युटरवर वाचायची असेल तर दोन्हींपैकी कुठलीही घ्या, मालाचा दर्जा महत्त्वाचा.

साधी डीव्हीडी ४.७ जीबीची. कॉम्प्युटर तिची जागा ४.३८ जीबी दाखवतो, त्यात फसवणूक नाही. मोजायची पद्धत वेगळी आहे. दुहेरी थराची ८.५ जीबीची मिळते, पण एका थरातून दुसऱ्यावर जाताना गडबड होण्याची शक्यता वाढते. तिच्याऐवजी दोन साध्या डिस्क घेणं बरं.

आता फोनच्या हिशोबात बोलू. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की नव्या, कमी जागा घेणाऱ्या पद्धतीत साधा फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला सुमारे ६० एमबी घेतो आणि फोर-के सुमारे १७० एमबी, दोन्ही सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाने. म्हणजे एका डीव्हीडीत फुल एचडी सव्वा तासाचं बसेल, फोर-के मात्र जेमतेम २७ मिनिटांचं. फोर-के खूप असेल तर ब्लू-रे बघावी लागते. बीडी-आर डिस्क २५ जीबीची असते, तिच्यात असं फोर-के जवळपास अडीच तास मावतं. तिला वेगळा ब्लू-रे रायटर लागतो.

ब्लू-रे घेताना एलटीएच ही अक्षरं दिसली तर ती बाजूला ठेवा. त्या स्वस्त प्रकारात पुन्हा तोच सेंद्रिय रंग वापरलेला असतो. नेहमीच्या बीडी-आरमध्ये रंगाऐवजी असेंद्रिय थर असतो, उजेडाचा त्याच्यावर तितका परिणाम होत नाही.

एम-डिस्क हेही नाव कानावर येईल. दगडासारख्या टिकाऊ थरावर लेझरने कायमच्या खुणा करायच्या, अशी ती कल्पना, आणि १,००० वर्षं टिकेल असा कंपनीचा दावा. ती बनवणारी अमेरिकेतली मिलेनियाटा कंपनी स्वतः मात्र २०१६ मध्ये बुडाली. डिस्क दुसऱ्या कंपन्यांकडून मिळतात. कल्पना चांगली आहे, पण डीव्हीडी प्रकारातली एम-डिस्क लिहायला तिला चालणारा रायटरच लागतो, आणि १,००० वर्षांनी ती वाचायला ड्राइव्ह कुठे मिळेल हा प्रश्न उरतोच.

दुकानात काय बघायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, नाहीतर गावातलं मोबाईलचं दुकान, कुठेही गेलात तरी एवढं बघा.

सुट्या, कागदी पाकिटात घातलेल्या डिस्क घेऊ नका. त्या कुठल्या डब्यातल्या, किती दिवस हाताळलेल्या, काही कळत नाही. सीलबंद डबा घ्या. १० किंवा २५ चा पुरे, ५० चा घेऊन निम्म्या पावसाळ्यात पडून राहण्यापेक्षा.

डब्यावरची तारीख वाचा. पाकीटबंद मालावर बनवल्याचा महिना-वर्ष, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. कोरी डिस्कही न वापरता जुनी होते, आणि आता खप कमी असल्याने दुकानात बरीच वर्षं पडलेला माल असू शकतो. यातलं काहीच छापलेलं नसेल तर ते दुकान सोडा.

डबा उघडल्यावर पहिली डिस्क उजेडासमोर धरा. मधे बारीक छिद्रं, कडेला ढगाळ पट्टा, डिंकाचे बुडबुडे दिसले तर तो डबा परत करा. टेबलावर उभ्या कडेने बघून वाकडी आहे का तेही पाहा. खालच्या बाजूच्या जांभळ्या छटेवरून दर्जा ओळखतो असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या, डीव्हीडीच्या बाबतीत त्यावरून फारसं काही कळत नाही.

आणि मोठं काम एकदम करू नका. आधी एक डबा, त्यातल्या दोन डिस्क लिहून तपासायच्या, मग उरलेल्या.

लिहिताना

आधी मूळ व्हिडिओ नीट मिळवा. व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ म्हणून आलेली फाईल दाबून लहान केलेली असते. केबल लावून फोनमधून थेट लॅपटॉपवर घ्या, किंवा पाठवणाऱ्याला ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीला लावायचा बाहेरचा रायटर मिळतो.

मग ठरवा की हवंय काय. आजीच्या प्लेअरवर लागावी म्हणून बनवलेली व्हिडिओ डीव्हीडी जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांची असते. तुमचा फोन १,९२० गुणिले १,०८० घेतो. म्हणजे बरंच तपशील गेलं. म्हणून दोन वेगळ्या डिस्क करा. एक आजीसाठी बघायची, दुसरी मूळ फाईल जशाच्या तशा ठेवलेली, डेटा डिस्क. जपायची ती दुसरी.

डब्यावर १६ पट वेग लिहिलेला असतो. तुम्ही ८ पटीवर लिहा. साध्या डीव्हीडीला त्यात आठ-नऊ मिनिटं लागतात, म्हणजे वाचणारी मिनिटं दोन-तीनच, आणि खुणा जास्त नीट पडतात. अगदी १-२ पटीवर उतरायचीही गरज नाही, वेगवान डिस्क तेवढ्या हळू लिहिण्यासाठी बनवलेल्या नसतात.

डिस्क ४ जीबीच्या आसपास थांबवा, कड मोकळी सोडा. सगळ्यात मोलाचं आधी लिहा. पाठवणी पहिल्या फोल्डरमध्ये, जेवणावळ शेवटच्या. लिहून झाल्यावर व्हेरिफायची खूण चालू ठेवा, म्हणजे प्रोग्राम डिस्क परत वाचून मूळ फाईलशी ताडून बघतो.

ज्यांच्या घरी छोट्या, ८ सेंटिमीटरच्या डिस्कवर शूट करणारा जुना हँडीकॅम आहे, त्यांच्यासाठी खास सूचना. त्या डिस्कवर शूटिंग संपल्यावर फायनलाइझ करावं लागतं, नाहीतर ती दुसऱ्या प्लेअरमध्ये कोरी दिसते. हे काम करायला सहसा तोच कॅमेरा लागतो. तेव्हा कॅमेरा भंगारात देण्याआधी डिस्क तपासा. कोरी दिसते म्हणून टाकून दिलेल्या डिस्कवर तुमचा पहिला वाढदिवस असू शकतो.

तपासायची आणि ठेवायची कशी

मघाशी म्हटलं, चालते आहे ना एवढं पुरत नाही. ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी नीरो डिस्कस्पीडसारखे प्रोग्राम आहेत, ते चुकांची संख्या मोजून आलेख काढतात. डीव्हीडीसाठी पीआय एरर नावाच्या चुकांची मर्यादा २८० मानली जाते, चांगली लिहिलेली डिस्क त्याच्या खूप खाली राहते. सगळे ड्राइव्ह हे मोजून देत नाहीत. सोपा उपाय कुणालाही जमेल: वर्षातून एकदा, समजा दिवाळीच्या साफसफाईत, पूर्ण डिस्क लॅपटॉपवर कॉपी करून बघा. वेग मधेच कोसळला, ड्राइव्ह घरघरून पुन्हा पुन्हा तीच जागा वाचायला लागला, तर डिस्क तुम्हाला आधीच सांगते आहे. त्याच दिवशी नवी प्रत करा.

ठेवण्याबद्दल अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २००३ मध्ये एक मार्गदर्शिका काढली होती. तिच्यात ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी हे वाचून हसू नये. जुलैमध्ये आपल्या घरातली हवा किती ओली असते ते आपल्याला माहीत आहे. जमेल तेवढं करायचं: घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कडक केसमध्ये, पुस्तकांसारख्या उभ्या. माळ्यावर पत्र्याखाली नको, बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको.

शूटिंगवाले डिस्कवर वधू-वरांच्या फोटोचा गोल कागदी स्टिकर लावायचे. दिसायला छान, पण डिंक आणि कागद ओल धरतात, स्टिकर जरा तिरका बसला तरी डिस्कचा तोल जातो. आधीच लागलेला असेल तर ओढून काढू नका, थरही सोबत येऊ शकतो. त्या डिस्कची प्रत आधी करा. नव्या डिस्कवर पाण्याच्या शाईच्या मऊ पेनाने, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर, नाव-तारीख लिहा. पुसताना मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा माहितीच्या ओळीला समांतर जातो, एकाच जागचं सलग नुकसान करतो आणि मघाची कोथिंबीर भरून काढता येत नाही.

शेवटची गोष्ट

डिस्कचा काळ संपत आलाय, हे लपवण्यात अर्थ नाही. पॅनासॉनिकने कोऱ्या ब्लू-रेचं उत्पादन २०२३ मध्ये थांबवलं, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये. कॅसेटचं काय झालं ते आपण पाहिलंय, जपानच्या फुनाई कंपनीने शेवटचे व्हीसीआर २०१६ मध्ये बनवले आणि त्यानंतर घरोघरच्या कॅसेट वाचायला यंत्र शोधावं लागतंय. डिस्कवरही ती वेळ येणार.

म्हणून एकाच डिस्कवर, कितीही चांगली असली तरी, विसंबू नका. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक डिस्कवर, आणि जमलं तर एक दुसऱ्या गावात राहणाऱ्या मावशीकडे. डिस्कच्या दोन प्रती करणार असाल तर दोन वेगळ्या उत्पादकांच्या डिस्क वापरा, म्हणजे एका डब्यात खोट निघाली तर दोन्ही एकदम जाणार नाहीत.

या रविवारचं काम सांगते. घरातल्या लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या डिस्क शोधा. नव्या लिहायच्या आधी जुन्या वाचून घ्या. पहिल्या मिनिटावर समाधान मानू नका, सरळ शेवटावर जा, कारण जायला सुरुवात तिथूनच होते. अडकत असेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा कधीकधी वाचतो. मिळेल तेवढं लॅपटॉपवर उतरवा, आणि मगच नवा डबा आणायला बाहेर पडा.

तुमच्या डब्यावर काय छापलंय आणि आत कोड कुठला निघाला, तेही कळवा. एकाच नावाखाली किती कारखाने निघतात ते आपण मिळून बघू. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि आजीचे व्हिडिओ आडवे शूट करा!